विनायकला पत्र: आधी गुडघे, मग अणी

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. केंडामा, म्हणजे दोऱ्याने दांडीला बांधलेला चेंडू झेलायचं ते जपानी खेळणं, हातात आल्यापासून मनगट दुखतंय, असं तू लिहिलंस. याचा अर्थ तू चेंडू हाताने उपटतोयस. शिवाय पहिल्याच दिवसापासून थेट अणीवर नेम धरतोयस. दोन्ही थांबव. या खेळात चेंडू वर जातो तो गुडघ्यांच्या जोरावर. हाताचं काम त्याच्याखाली वेळेवर पोचायचं, एवढंच.

भागांची नावं आधी पाठ कर, कारण सगळी शिकवणी त्याच भाषेत चालते. दांडी म्हणजे केन, तिचं टोकदार टोक, म्हणजे अणी, ती केनसाकी. दांडीवर आडवा बसवलेला तुकडा सारादो. त्याची मोठी वाटी ओझारा, लहान कोझारा. दांडीच्या बुडाची वाटी चूझारा. चेंडू म्हणजे तामा, त्याच्या मोठ्या भोकात अणी घ्यायची. वाट्यांच्या आकारांत फरक थोडाच असतो, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो. दोन्ही बाजू अंगठ्याने चाचपून बघ. हा घाट हिरोशिमाजवळच्या हात्सुकाइची गावातला. एगुसा हामाजी यांनी १९१९ मध्ये त्याची नोंदणी केली, तेव्हा नाव होतं ‘निचिगेत्सु बॉल’: चेंडू सूर्य आणि वाट्या चंद्रकोरी. १९७५ मध्ये जपान केंडामा असोसिएशन स्थापन झाली. तिच्या मापात चेंडू साधारण ६ सेंटिमीटर व्यासाचा, दांडी १६ सेंटिमीटरच्या आसपास. तुझा नग यापेक्षा बराच लहान असेल तर तो शोभेचा समज आणि दुसरा घे.

आता दोरा. तो ४० सेंटिमीटरच्या आसपास हवा. लांब असला की चेंडू हेलकावे खातो, आखूड असला की अणीपर्यंत येताना ओढ बसते. तामाच्या आत, वरच्या बारीक भोकाखाली, एक मणी असतो. त्यामुळे चेंडू फिरला तरी दोऱ्याला पीळ चढत नाही. मणी पडला असेल तर आधी तो घाल. दोरा बदलायचा तर सारादो ओढून काढ, दोरा सारादोच्या भोकातून आणि मग दांडीच्या भोकातून घे, दुहेरी गाठ मार, सारादो परत दाबून बसव. सारादो उलटा बसवला की डावखुऱ्यासाठी होतो. तुझा दोरा सारखा बोटांभोवती गुंडाळतो म्हणतोस ना? मग तो एकदा उलटा करून बघ.

पकडी तीन लक्षात ठेव. वाटीच्या खेळात पेन धरल्यासारखी: अंगठा आणि तर्जनी सारादोच्या अणीकडच्या बाजूला, मधलं बोट आणि अनामिका कोझाराला आधार देऊन, ओझारा वर. अणीच्या खेळात दांडी सारादोच्या खाली धरायची, अणी वर. तिसरीत चेंडूच हातात आणि दांडी लोंबती.

असोसिएशनच्या परीक्षेत दहाव्या क्यूपासून (क्यू म्हणजे पायरी) पहिल्या क्यूपर्यंत यायचं असतं आणि तो क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो: ओझारा, कोझारा, चूझारा, रोसोकु, तोमेकेन, हिकोकी, फुरिकेन, निहोन इश्शू, सेकाइ इश्शू, तोदाइ. रोसोकु म्हणजे मेणबत्ती: अणीचं टोक चिमटीत धरून चूझारावर चेंडू झेलायचा. दिसायला सोपं, पण पकड लहान असल्याने दांडी डुगडुगते.

वाटीत चेंडू उडून बाहेर पडतो, कारण तू वाटी त्याच्याकडे नेतोस. विटी झेलताना हात जसा विटीबरोबर मागे येतो, तशी वाटी चेंडूबरोबर खाली यायला हवी, आणि ती गुडघे वाकवून. ‘टक्’ असा मोठा आवाज आला तर समज की हात वर जाऊन आदळला. आवाज दबका आला की जमलं.

तोमेकेनवर, म्हणजे लोंबता चेंडू वर ओढून अणीवर घेण्यावर, मात्र वेळ घाल. चेंडू लोंबता ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने पूर्ण थांबव. जरा फिरत असला तरी भोक वर येताना सरकतं. गुडघे वाकव, मग उभा राहता राहता दोरा सरळ वर ओढ. तिरका ओढलास तर चेंडू छातीवर येतो. डोळे अणीवर नकोत, भोकावर हवेत. चेंडू सर्वांत उंच क्षणी थांबल्यासारखा वाटतो, तेव्हा दांडी त्याच्याखाली आणून ठेव, वर खुपसू नकोस. खुपसलं की अणी भोकाच्या कडेला लागते आणि चेंडू उडतो. अणी भोकात शिरताच पुन्हा गुडघे वाकव. नव्या चेंडूच्या भोकाची कड कोरी असते. खेळून झिजली की अणी घसरत आत जाते. चकचकीत रंगाचा चेंडू घामट हातात आणि वाटीच्या कडांवरही निसटतो, हेही ध्यानात ठेव.

फुरिकेनमध्ये चेंडू पुढे झुलवायचा. दोरा भोकाच्या विरुद्ध टोकाला असल्याने झोक्याच्या शेवटी भोक तुझ्यापासून लांब तोंड करून असतं. तेव्हा दोरा आपल्याकडे हलकेच ओढला की चेंडू फिरतो आणि भोक अणीकडे येतं. लवकर ओढलंस तर पुरतं फिरत नाही, जोरात ओढलंस तर जास्त फिरतं. हिकोकीत चेंडू हातात. दांडी दुसऱ्या हाताने मागे ओढून सोडायची, ती पुढे गेली की ओढून अणी भोकात घ्यायची.

रोज दहा मिनिटं मोशिकामे कर: ओझारा, चूझारा, ओझारा, चूझारा. जपानी मुलं सशा-कासवाच्या बालगीताच्या चालीवर ते करतात. चेंडू टीचभरही वर जायला नको. मनगट वळवण्यापुरता वेळ मिळाला की पुरे. उंच उडवणाऱ्याचा ताल लगेच बिघडतो. निहोन इश्शू म्हणजे कोझारा, ओझारा, अणी. सेकाइ इश्शूत अणीआधी चूझाराही येते. मोशिकामे पक्कं झालं की ही दोन्ही फारशी त्रास देत नाहीत.

तोदाइ सर्वांत शेवटी. चेंडू हातात धरून दांडी सरळ वर ओढायची आणि चूझारा चेंडूवर टेकवून दीपस्तंभासारखी उभी करायची, तीन सेकंद. दांडी आधी पूर्ण स्थिर झालेली हवी, आणि टेकल्यावर चेंडू मुळीच वर उचलायचा नाही.

पुढच्या पत्रात सारादो उलटा करून काय झालं ते कळव. मनगट अजून दुखत असेल तर आठवडाभर फक्त वाट्याच खेळ.

तुझा,
सुहास