मुंबई–न्यूयॉर्क : अंतर एक, वेळा दोन

संपादक महोदय,

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. बातम्यांत व जाहिरातींत हा आकडा छापला जातो. पण तो विमानाच्या ताशी नऊशे किलोमीटर वेगाने भागून चौदा तासांत पोहोचू, असे गृहीत धरणाऱ्यांची फसगत होते. जाताना पश्चिमेकडून येणारे उंचावरचे वेगवान वारे विमानाला अडवतात, म्हणून पंधरा-सोळा तास लागतात. परतीला तेच वारे पाठीशी असतात.

मार्गाबाबतही असाच गैरसमज आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो अरबस्तानावरून न जाता रशिया, फिनलंड, आइसलँडच्या बाजूने ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून न्यूयॉर्ककडे उतरतो. प्रत्यक्षात हवाई हद्दींच्या निर्बंधांमुळे विमान वळसा घेते आणि वेळ आणखी वाढतो.

तिकिटावर मात्र निघण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. उन्हाळ्यात रात्री दोनला निघून सकाळी आठला पोहोचणारा प्रवास सहा तासांचा भासतो; तो साडेपंधरा तासांचा असतो, कारण साडेनऊ तासांचा फरक त्यात दडलेला असतो. माझ्या आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांची डबी भरताना आमचा नेमका हाच घोटाळा झाला होता. मुलांकडे प्रथमच निघालेल्या ज्येष्ठांसाठी एकूण उड्डाणकाळ तिकिटावर ठळक मराठीत छापावा, अशी विमान कंपन्यांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे