पोलिसांच्या पत्राआधी उपचार हवेत

महोदय,

लैंगिक अत्याचार झालेली महिला रुग्णालयात पोहोचल्यावर तिला पहिला प्रश्न 'पोलिसांचे पत्र आणले का?' असा विचारला जात असेल, तर तो कायद्याला धरून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तातडीने व मोफत उपचार करून पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. उपचार नाकारल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन आजचे नाही, २०१३ पासून आहे.

येथे वेळ फार मोलाची असते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. गर्भधारणा रोखणाऱ्या गोळीचा परिणामही उशीर होईल तसा कमी होतो. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयाने 'स्त्रीरोगतज्ज्ञ नाहीत' म्हणून तिला रात्री जिल्ह्याच्या गावी पाठवणे केवळ असंवेदनशील नव्हे, तर वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे. महिला डॉक्टर उपलब्ध नसल्यास महिला कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत, पीडितेच्या संमतीने, पुरुष डॉक्टरही तपासणी करू शकतात, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अपमानास्पद 'दोन बोटांची चाचणी' (योनीमार्गात बोटे घालून ती शरीरसंबंधाला सरावलेली आहे का, हे ठरवण्याची पद्धत) करणे हे गैरवर्तन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे, तेही (दुर्दैवाने) पुन्हा सांगावे लागते.

राज्याच्या आरोग्य विभागाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तपासणी संच व ही औषधे चोवीस तास उपलब्ध ठेवावीत आणि प्रशिक्षणाची सुरुवात रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांपासून करावी.

– एक वाचक, सातारा