झुकिनी मोजून सांगा, पिळूनही

महोदय,

रविवारच्या पुरवण्यांत झुकिनी (काकडीसारखी दिसणारी, दुधीच्या कुळातली भाजी) घातलेल्या ब्रेडच्या कृती हल्ली वरचेवर दिसतात. साहित्यात ‘बेकिंग मिक्स १ पाकीट, झुकिनी २’ एवढेच असते. त्यावरून केलेला ब्रेड मध्ये कच्चा राहतो आणि बोल मात्र ओव्हनला बसतो.

मूळ परदेशी कृतींतले बेकिंग मिक्स म्हणजे मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि त्यात चोळलेला स्निग्ध पदार्थ. आपल्या दुकानांत प्रीमिक्स म्हणून मिळते ते बहुतेक केकचे, म्हणजे साखर भरपूर. घटकांच्या यादीत साखर पहिल्या दोन-तीन नावांत असली, तर ते पाकीट तिखटमिठाच्या ब्रेडला निरुपयोगी. त्यापेक्षा मिक्स घरीच करावे : मैदा २१० ग्रॅम, बेकिंग पावडर अडीच चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा आणि थंड बटर ३० ग्रॅम, रव्यासारखे होईपर्यंत बोटांनी चोळून. तयार मिक्समध्ये बेकिंग पावडर आधीच असते. वरून आणखी घातली तर ब्रेड भराभर फुगतो, मग मध्ये बसतो, चवही तुरट लागते.

खरी गोची पाण्याची. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी. ३०० ग्रॅम किसाला अर्धा चमचा मीठ लावून १५ मिनिटे ठेवावे, मग पंच्यात बांधून पिळावे. किस साधारण २०० ग्रॅम उरला पाहिजे. मुठीत दाबला की त्याचा लाडूसारखा गोळा राहावा, बोटांतून थेंब गळू नये. (पिळलेले पाणी खारट असते. आमटीत घाला, वरचे मीठ कमी करा.)

२ अंडी, ८० मिली दूध, ४० मिली तेल फेटून त्यात किस आणि ८० ग्रॅम किसलेले चीज घालावे. मग मिक्स घालून डावाने १०-१२ वेळा ढवळले की पुरे. गुठळ्या राहिल्या तरी चालतील. फेटत बसले तर मैद्याला चिवटपणा येतो आणि ब्रेडमध्ये लांबट बोगदे पडतात. ओव्हन १८० अंशांवर आधीच तापलेला हवा, कारण ओले झाल्याबरोबर बेकिंग पावडर कामाला लागते. सोलापूरच्या एप्रिल-मेमधल्या स्वयंपाकघरात तर मिश्रण ओट्यावर ठेवूच नये. ८ बाय ४ इंची टिनमध्ये ४५ ते ५० मिनिटे लागतात. वरून लवकर लाल झाला तर फॉइल झाकावी. मध्ये खुपसलेली सुरी चिकट निघाली तर आधी पाहावे की ते वितळलेले चीज आहे की कच्चे पीठ. दुसऱ्या जागी खुपसले की कळते. पूर्ण गार होण्याआधी कापला तर नीट भाजलेला ब्रेडही आत गिच्च वाटतो.

आपली शेंगदाण्याची चटणी यात फार छान लागते, पण दोन मोठे चमचेच, आणि पिठात मिसळून. मधोमध थर दिला तर तिचे तेल सुटते आणि कापताना ब्रेडचे दोन मजले वेगळे होतात. मैद्यापैकी ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ चालते. त्याहून जास्त घातले तर ब्रेड भुगा होतो, कारण पीठ बांधून ठेवणारे ग्लूटेन ज्वारीत नाही.

झुकिनी मंडईत रोज मिळेलच असे नाही. कोवळा दुधी त्याच वजनाने घ्यावा, बिया काढून. दोन्हींचा एक तुकडा आधी चाखावा. कडू असेल तर सरळ फेकावा. भाजून तो कडवटपणा जात नाही आणि पोटाला बाधतो.

तेव्हा विनंती एवढीच : झुकिनीचे वजन पिळण्याआधीचे आणि पिळल्यानंतरचे असे दोन्ही छापावे, आणि ‘मिक्स’ म्हणजे नेमके काय, ते एका ओळीत द्यावे.

— घरगुती बेकिंग करणारे काही वाचक, सोलापूर