थांबलेला ठिपका

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

पऱ्हाटीचा पहिला वेचा काल आटोपला, म्हणून आज निवांत लिहायला बसलो. फोनवर मला हे बोलता येत नाही. तू "बाबा, मी बरी आहे" म्हटलंस की पुढचं सगळं घशातच राहतं.

मागच्या नोव्हेंबरात तू मलेशियातल्या लंकावीला आयर्नमॅन शर्यतीत उतरली होतीस, आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, सगळं एकाच दमात. घरात रेंज नाही, म्हणून मी अन् तुझी आई पहाटेच वावरात, विहिरीजवळच्या निंबाखाली जाऊन बसलो. फोनवरच्या नकाशात, तू कुठवर पोचलीस ते दाखवणारा तुझा ठिपका सरकत होता. ३.८ किलोमीटर पोहणं झालं, सायकलीचे १८० किलोमीटर सुरू झाले. आईने शिदोरी सोडलीसुद्धा नाही. दुपारी ठिपका एका जागी थांबला. आधी वाटलं रेंज गेली. मी फोन घेऊन धुऱ्यावर चढलो, मग पार सडकेपर्यंत गेलो. ठिपका तिथंच. तुझा फोन आला तो तिसऱ्या दिवशी.

लेकी, शर्यत सुटली याचं मला काही वाटलं नाही. ते दोन दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक.

नंतर कळलं, रक्तातलं सोडियम उतरलं होतं. ४५ अंशांत वाढलेल्या पोरीला उन्हानं कसं गाठलं, हे मला कितीतरी दिवस उमगेना. पण आपलं ऊन कोरडं. घाम आला की वाळतो, अंग निवतं. तिथल्या दमट हवेत घाम नुसता गळतो, अंग तापलेलंच राहतं अन् मीठ वाहून जातं. त्यावर तू साधं पाणी पीत राहिलीस, मग अंगात उरलं होतं तेही पातळ झालं. डोकं जड, मळमळ, बोटातली अंगठी रुतायला लागलेली, हे तूच सांगितलंस. वखरणीच्या दिवसांत तुझी आजी पाण्यासोबत कांदा अन् मिठाची पुडी बांधून द्यायची, आठवतं ना? आता ऑस्ट्रेलियात बसलटनच्या शर्यतीला तहानेपुरतंच पाणी पी, अन् मीठ घड्याळ लावून घे.

तिथल्या पोहण्याची मला काळजी नाही. १८४१ मीटर लांब त्या लाकडी धक्क्याला तू सहज वळसा घालशील. आठ वर्षांची होतीस तेव्हा पाठीला तेलाचा रिकामा डबा अन् कमरेला दोर बांधून तुला विहिरीत सोडलं होतं. तीन दिवसांत तू डबा काढायला लावलास. चौथ्या दिवशी माझ्या हातातला ओला दोर एकदम सैल पडला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, तर तू गाठ सोडून पायरीला धरून हसत होतीस. ऑस्ट्रियात क्लागेनफुर्टच्या शर्यतीत शेवटी कालव्यातून पोहत गेलीस, दोन्ही काठांवर माणसं उभी होती. तो व्हिडिओ आई अजून पाहते.

१९७८ साली हवाईत ही शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण उतरले, १२ पोचले. राहिलेल्या तिघांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत असेलच.

शर्यत १७ तासांच्या मुदतीत पुरी होवो न होवो, ठिपका थांबला तर कुणाच्या तरी हाती निरोप दे. दवाखान्यातून दिलास तरी चालेल, मी ऐकून घेईन. मी पॉवर बँक आणून ठेवली आहे. रात्र झाली तरी आम्ही निंबाखालीच असू.

तुझे
बाबा