साम्याची टक्केवारी नको, प्रयोगवही मागा

महोदय,

संशोधनातील गैरप्रकारांचा विषय निघाला की चर्चा वाङ्मयचौर्यापाशी येऊन थांबते. प्रबंध सॉफ्टवेअरमधून काढला, साम्य ठरलेल्या मर्यादेच्या आत निघाले, दाखला जोडला की काम स्वच्छ ठरते. हे सॉफ्टवेअर शब्दांच्या साखळ्या जुळवून पाहते, एवढेच. प्रयोग खरोखर झाला का, मुलाखती घेतल्या का, नको असलेले आकडे गाळले का, यातले काहीही त्याला कळत नाही. मनाने रचलेले आकडे जगातल्या कुठल्याच मजकुराशी जुळत नाहीत, त्यामुळे त्यांचे साम्य शून्य टक्के येते. उलट प्रमाणित पद्धतीने प्रामाणिकपणे केलेल्या प्रयोगाच्या ‘कार्यपद्धती’ प्रकरणात साम्य भरपूर निघते, कारण तीच कृती सगळीकडे जवळपास त्याच शब्दांत लिहिली जाते.

मग आकडा खाली आणण्यासाठी शब्द बदलण्याची खटपट सुरू होते आणि रूढ संज्ञांचा बळी जातो. २०२१ मध्ये संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापील शोधनिबंधांतून अशा पिळवटलेल्या संज्ञा वेचून काढल्या. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या रूढ इंग्रजी संज्ञेच्या जागी ‘नकली जाणीव’ अशा अर्थाचे शब्द आले होते. आपोआप समानार्थी शब्द घालणाऱ्या प्रोग्रॅमची ही करामत. लेखकाने, परीक्षकाने आणि संपादकाने तो मजकूर वाचलाच नव्हता, हेही त्यातून उघड झाले.

माझी सूचना एकच आहे. साम्याचा दाखला हवा तर राहू द्या, पण तोंडी परीक्षेत परीक्षकाने प्रबंधातली कोणतीही एक आकृती किंवा तक्ता स्वतः निवडावा आणि उमेदवाराने तिथून उलट चालत मूळ नोंदीपर्यंत जाऊन दाखवावे. आकृतीमागचा तक्ता, तक्त्यामागची आकडेमोड, आकडेमोडीत घातलेली मूळ फाईल आणि शेवटी प्रयोगवहीतले त्या तारखेचे पान. काम नीट झाले असेल तर याला अर्धा तास पुष्कळ झाला. कुठली आकृती निवडली जाईल हे आधी माहीत नसल्याने सगळ्याच आकृत्यांची वाट मोकळी ठेवावी लागते, आणि नेमके तेच साधायचे आहे.

ही वाट बंद असली की काय होते, हे अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक श्योन यांच्या प्रकरणाने दाखवून दिले. २००२ च्या चौकशी समितीने २४ आरोपांपैकी १६ बाबतींत गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष काढला. सुगावा लागला तो आलेखांतल्या गोंगाटावरून. यंत्राच्या नोंदीत येणारी बारीक थरथर दर वेळी वेगळी असते. अगदी निराळ्या तापमानांना केलेल्या म्हणून दाखवलेल्या दोन प्रयोगांत मात्र ती तंतोतंत सारखी होती. समितीने मूळ नोंदी मागितल्या तेव्हा शिस्तीत ठेवलेली प्रयोगवही नव्हती आणि संगणकात जागा नसल्याने मूळ फाईली पुसल्या, असे उत्तर मिळाले. समितीने सहलेखकांना गैरवर्तनाच्या आरोपातून मुक्त केले. पण त्यांच्यापैकी एकाने जरी वेळेवर ‘मूळ फाईल दाखव’ म्हटले असते, तर इतके निबंध बाहेर पडलेच नसते.

प्रयोगवहीचे नियम जुने आहेत आणि ते तसेच पाळले पाहिजेत. वही शिवलेली, पानांवर आकडे छापलेले. सुटे कागद नकोत. नोंद त्याच दिवशी, शाईने, तारखेसह. चूक झाली तर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचे वाचता येते; शेजारी कारण आणि आद्याक्षरे. व्हाइटनर अजिबात नको. रसायनाचा बॅच नंबर, यंत्राची सेटिंग्ज आणि शेवटचे कॅलिब्रेशन (यंत्र बरोबर मापते का याची पडताळणी) कधी झाले ती तारीख लिहायची, कारण सहा महिन्यांनी निकाल बदलला की पहिला संशय याच तीन गोष्टींवर येतो. यंत्रातून निघालेली थर्मल कागदाची पट्टी काही वर्षांत कोरी पडते. आधी तिची झेरॉक्स काढून ती प्रत चिकटवावी आणि सही अर्धी प्रतीवर, अर्धी पानावर येईल अशी करावी. फसलेला प्रयोगही वहीत लिहायचा. ज्या वहीत प्रत्येक प्रयोग पहिल्याच फटक्यात जमलेला दिसतो, ती वही मागाहून लिहिलेली असण्याची शक्यता फार.

संगणकावरच्या नोंदींचे तत्त्व तेच आहे. यंत्रातून किंवा सर्वेक्षणातून आलेली फाईल ‘फक्त वाचा’ करून बाजूला ठेवायची आणि काम नेहमी तिच्या प्रतीवर करायचे. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक वेगळ्या इमारतीत. आकडे हाताने दुरुस्त करण्याऐवजी दुरुस्ती करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला तर प्रत्येक बदलाचा माग राहतो. स्प्रेडशीटवर आंधळा भरवसा ठेवू नये. काही जनुकांची लघुनावे सप्टेंबर आणि मार्च या महिन्यांच्या इंग्रजी लघुरूपांसारखी असल्याने एक्सेल त्यांचे गुपचूप तारखांत रूपांतर करी. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीला त्या जनुकांची नावेच बदलावी लागली.

सर्वेक्षणात घोळ होतो तो कोडमुळे. उत्तर न देणाऱ्याच्या वयाच्या रकान्यात ९९ लिहायचे ठरते, पुढे ते कुणीतरी विसरते आणि गावात अचानक ९९ वर्षांचे म्हातारे वाढतात. सरासरी फुगते आणि कुणाला पत्ता लागत नाही. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि कोड सांगणारे एक पान फाईलसोबत असलेच पाहिजे. परीक्षकाला कागद-पेन्सिलीने करता येणारी एक तपासणीही इथेच सांगतो. २० जणांनी १ ते ७ अशी पूर्णांकात उत्तरे दिली असतील, तर सरासरी ०.०५ च्या पटीतच येते. ३.४५ येऊ शकते, ३.४७ कधीच येणार नाही. आली असेल तर जणांची संख्या चुकली आहे, एखादा आकडा उतरवताना चुकला आहे किंवा सरासरी काढलेलीच नाही.

यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे खोटेपणाचा हेतू नसतानाही होणारी फेरफार. निकाल पाहिल्यावर ‘हे माप विचित्र दिसते’ म्हणून एक नोंद गाळली जाते. निकाल मनासारखा असता, तर तेच माप विचित्र वाटले नसते. म्हणून कोणत्या कारणाने नोंद वगळायची हे मोजणीआधी तारीख घालून लिहावे. किती वगळल्या आणि का, ते निबंधात सांगावे. वगळून आणि न वगळता असे दोन्ही निकाल द्यावेत. नमुन्याची संख्याही आधीच ठरवावी. थोडी माणसे घ्यायची, पी-व्हॅल्यू (प्रत्यक्षात काहीच नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली गेली का ते पाहायचे, नसेल तर आणखी थोडी घ्यायची, ही सवय निरुपद्रवी वाटते. समान टप्प्यांवर पाच वेळा असे डोकावले, तर काहीच नसताना निकाल ‘महत्त्वाचा’ ठरण्याची ५ टक्के मानलेली जोखीम सुमारे १४ टक्क्यांवर जाते. परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर प्रत्यक्षात काहीच नसतानाही किमान एक ‘महत्त्वाचा’ निकाल मिळण्याची शक्यता ६४ टक्के असते. तो एक छापायचा आणि उरलेल्या १९ चे नावही काढायचे नाही, ही वाचकाची फसवणूक आहे, भले त्यात एकही आकडा खोटा नसेल.

छायाचित्रांचे थोडक्यात सांगतो. उजळपणा संपूर्ण चित्राचा बदलला तर चालतो, त्यातल्या एकाच भागाचा बदलला तर नाही. दोन तुकडे जोडले असतील तर जोडरेघ दिसली पाहिजे आणि मूळ न कापलेले चित्र जपले पाहिजे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ शोधनिबंध डोळ्यांखालून घातले, तेव्हा ३.८ टक्के निबंधांत सदोष चित्रे सापडली.

आता लेखकांच्या नावांविषयी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत आणि चारही एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा चिकित्सकपणे सुधारण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. निधी मिळवून देणे, प्रयोगशाळा वापरू देणे, विभागप्रमुख असणे यातून लेखकपण येत नाही. त्यासाठी ऋणनिर्देश आहे. भांडणे टाळायची असतील तर काम सुरू होतानाच एका कागदावर कोण काय करणार आणि नावांचा क्रम काय ते लिहावे आणि वाटा बदलला की तो कागद पुन्हा काढावा. मार्गदर्शकासमोर ही गोष्ट काढणे विद्यार्थ्याला अवघड जाते, म्हणून ती मार्गदर्शकानेच काढायची असते. चौथी अट सगळ्यात सहज विसरली जाते. २०२० च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा, सुमारे ९६ हजार रुग्णांच्या नोंदींचा दावा करणारा निबंध आला आणि दोन आठवड्यांतच मागे घ्यावा लागला. नोंदी पुरवणाऱ्या कंपनीने त्या स्वतंत्र तपासणीसाठी दिल्या नाहीत, त्यामुळे कंपनीबाहेरच्या लेखकांना आपल्याच निबंधाची हमी देता येईना. जे पाहिलेले नाही त्यावर सही करू नये, हा नियम विद्यार्थ्यापेक्षा ज्येष्ठांनीच जास्त मोडलेला आहे.

मूळ नोंदी जपा म्हटले की माणसांवर संशोधन करणारे गोपनीयतेची अडचण पुढे करतात. ती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची जोडणारी यादी वेगळी, कुलपात ठेवायची आणि विश्लेषणाच्या फाईलीत फक्त क्रमांक. नाव खोडले म्हणजे ओळख पुसली असे मात्र समजू नये. अमेरिकेतल्या अभ्यासांनुसार जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभाग एवढ्यावरून तिथली बहुतेक माणसे शोधता येतात. जन्मतारखेऐवजी वयोगट पुरेसा असतो. नोंदी किती वर्षे ठेवणार आणि कोणाला दाखवणार हे संमतिपत्रातच सांगावे, कारण नंतर परवानगी मागायला ती माणसे सापडत नाहीत.

संशय आला तर काय करायचे हेही कनिष्ठ संशोधकांना कुणी शिकवत नाही. नेदरलँड्समधले समाजमानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल यांचा बनाव २०११ मध्ये उघड केला तो तीन तरुण संशोधकांनी. पुढे स्टापेल यांचे ५८ निबंध मागे घेण्यात आले. त्यांनी रचलेल्या आकड्यांवर विद्यार्थ्यांचे प्रबंधही उभे होते. आपल्या हाती रीतसर असलेल्या नोंदींची तारखेसह प्रत ठेवावी, साधे स्पष्टीकरण शक्य आहे का ते तपासावे, आरोप न करता प्रश्न विचारावा आणि उत्तर पटले नाही तर त्या गटाबाहेरच्या जबाबदार व्यक्तीकडे लेखी जावे. संस्थेने ज्या क्षणी संबंधिताला नोटीस द्यायची, त्याच क्षणी वह्या आणि हार्ड डिस्क ताब्यात घ्यायच्या. आठवड्याने गेले तर ताब्यात घ्यायला फार काही उरत नाही.

शेवटी वृत्तपत्रांकडे एक मागणे. निबंध मागे घेतला म्हणजे घोटाळा झाला, असे नसते. रसायनशास्त्राच्या नोबेल विजेत्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी २०२० च्या जानेवारीत आपला निबंध स्वतः मागे घेतला आणि तसे जाहीरपणे सांगितले. काम पुन्हा करून पाहता येईना, आणि पहिल्या लेखकाच्या वहीत महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या-त्या वेळच्या नोंदी व मूळ आकडे नव्हते. अशा माणसाचे नाव फसवणाऱ्यांच्या ओळीत छापले गेले, तर पुढचा संशोधक चूक दिसली तरी गप्प बसेल. मागे घेण्याच्या सूचनेत नियतकालिक कारण देते. बातमीत ते कारण एका वाक्यात यावे, मागे घेण्याची विनंती लेखकांनी केली की संपादकांनी निर्णय घेतला तेही यावे, आणि ‘घोटाळा’ हा शब्द चौकशी समितीने तसा निष्कर्ष काढला असेल तेव्हाच शीर्षकात जावा.

आपला,
एक प्रबंध-परीक्षक