पाटीचा फोटो काढणं गुन्हा असेल, तर कलम सांगा

माननीय मराठी भाषा मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेनऊला मुंबईच्या जुन्या भागातल्या एका गल्लीत मी घड्याळजीच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढत होते. सव्वादहाला मला चौकीतल्या बाकावर बसवलं. दीड वाजता सोडलं, तेव्हा कॅमेऱ्यातले १४३ फोटो पुसून टाकलेले होते. ‘परवानगी कुठंय?’ हा एकच प्रश्न तिघांनी आळीपाळीने विचारला. कोणत्या कायद्याखाली परवानगी लागते, असं मी विचारलं, तर ‘मॅडम, आम्हाला शिकवू नका.’

मी ६३ वर्षांची आहे, मधुमेही आहे. डबा पिशवीत होता, पण पिशवी टेबलापलीकडे ठेवली होती. हात थरथरायला लागल्यावर एका हवालदारताईंनी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी दिली. त्या ताईंचे उपकार मी विसरणार नाही.

आता परवानगीचं. दीड वर्षापूर्वी मी एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला होता. नाव लिहीत नाही, कारण खापर खालच्या कारकुनावर फुटेल. ‘पुढच्या आठवड्यात पत्र देतो,’ असं सांगितलं होतं. त्यानंतर मी डोंबिवलीहून अकरा खेपा घातल्या. साहेब मीटिंगमध्ये, फाइल वर गेली, फाइल खाली आली, टेबल बदललं. नौदलाच्या हद्दीत किंवा जिथे मनाईचा फलक आहे तिथे मी कॅमेरा पिशवीतून काढतही नाही. पण फूटपाथवर उभं राहून, रस्त्यावरच्या प्रत्येकाने वाचावी म्हणून लावलेल्या पाटीचा फोटो काढायला पत्र कशाला हवं?

मी ३४ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी मुलांकडून अक्षरलेखन घटवून घेताना मी त्यांना गिरगावातल्या पाट्या बघायला न्यायची. त्या घड्याळजीची पाटी काचेवर मागून रंगवलेली आहे. अक्षरं उलटी काढायची, समोरून सगळ्यात वर दिसणार ते आधी, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. चुकलं तर खरवडून पुन्हा पहिल्यापासून. खाली ‘मुंबई ४’ एवढाच पत्ता, म्हणजे १९७२ साली पिनकोड आला त्याच्या आधीची पाटी असणार. फोन नंबर सहा आकडी. कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढी पेंटरची सही. या माणसांची नोंद कुठल्याही कलासंग्रहालयात नाही. त्यांचं सगळं काम रस्त्यावर आहे, आणि रस्ता रोज खोदला जातो आहे.

मंत्रिमहोदय, मराठी पाट्यांच्या सक्तीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. २०२२ ची कायदादुरुस्ती योग्यच होती. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, हेही योग्य. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि मग फ्लेक्सवाल्यांकडे रांगा लागल्या. तेव्हा घाईघाईत काय लागलं ते बघायला कोणी आलं का? तुमच्याच शासनाने २००९ साली मानक वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला. या फ्लेक्सांवर मला दोन्ही हिंदी वळणाचेच दिसतात. माझ्या वहीत ठाकुरद्वार ते प्रार्थनासमाज या पट्ट्यात २०१६ साली हाताने रंगवलेल्या ७४ पाट्या आहेत. आज १९ उरल्यात. एखाददुसरी मोजताना चुकली असेल. मेट्रो, पुनर्विकास, फ्लेक्स, काहीही कारण घ्या, पाटी शेवटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. ती अभिजात भाषा ज्या हातांनी रस्त्यावर लिहिली, त्यांची अक्षरं मात्र किलोच्या भावाने जातात.

आणि परवानगीचंच बोलायचं, तर १३ मे २०२४ आठवा. घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. नियम ४० बाय ४० फुटांचा, होर्डिंग १२० बाय १२०. ते एका रात्रीत उगवलं नव्हतं, सगळ्यांना रोज दिसत होतं. तिथे नियम कुठे होता? चौकाचौकात वाढदिवसाचे फलक लागतात, त्यांना कोण अडवतं? माझ्या हातातला पाव किलोचा कॅमेरा तेवढा या व्यवस्थेला धोकादायक वाटतो. माणूस जितका लहान, तितका त्याला कागद जास्त लागतो. आयुष्यभर रांगेत उभी राहून मी एवढंच बघत आलेय.

मला नुकसानभरपाई नको. सार्वजनिक रस्त्यावरून पाट्यांचे फोटो काढायला परवानगी लागत नाही, असं एक परिपत्रक काढा आणि प्रत्येक चौकीत लावा. इमारत पाडण्याआधी तिच्यावरच्या पाट्यांचे फोटो काढून ठेवणं बंधनकारक करा. हे काम मी आणि माझे चार जुने विद्यार्थी फुकट करू. आणि पुसलेले १४३ फोटो परत मिळत असतील, तर कोणाला तरी प्रयत्न करायला सांगा. त्यातल्या दोन पाट्या शुक्रवारी उतरवल्या गेल्या.

घड्याळजीची पाटी अजून आहे. इमारतीला नोटीस लागली आहे. सोमवारी सकाळी साडेनऊला मी पुन्हा तिथे असेन, पत्राशिवाय.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
पूर्वी मुंबई ४, आता डोंबिवली