फुकट फक्त तिनेच द्यायचं का?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला स्त्रीबीज दानावरचा (म्हणजे मूल न होणाऱ्या जोडप्यासाठी दुसऱ्या बाईने आपली बीजं काढून देण्यावरचा) लेख वाचला. डॉक्टर मंडळींचं एकच पालुपद, दान आहे ते दानच राहू द्या, पैसे आले की बाजार होतो. वा. मग भूल देणारे, लॅबवाले, इंजेक्शनच्या कंपन्या आणि बाई शोधून आणणारा एजंट, हे सगळे काय धर्मादाय येतात?

आमच्या शेजारी विड्या वळणारी एक बाई आहे, मला अक्का म्हणते. नवऱ्याचं मागावरचं काम सुटलं, पोरीची फी थकली, म्हणून ही डोनर, म्हणजे बीजं देणारी, झाली. नावं ठेवायची त्यांनी खुशाल ठेवा. दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन, मधेमधे सोनोग्राफी, त्या दिवशी विड्या होत नाहीत आणि मजुरी मिळते हजार विड्यांच्या हिशोबाने, बसून कोण देतंय. बीजं काढून घरी आली त्या संध्याकाळी नेमकं नळाला पाणी आलं, तर ही भूल पुरती उतरली नाही तरी घागरी भरतेय (सोलापूरला पाणी काही रोज येत नाही). नंतर पोट टम्म फुगलं, दम लागायला लागला. सेंटरला फोन केला तर म्हणे नारळपाणी द्या, होतं असं. होतं असं! दुसऱ्या दवाखान्यात मीच घेऊन गेले, तिथल्या सिस्टरने नाडी धरायच्या आधी विचारलं, "किती मिळाले गं?" ती बिचारी भिंतीकडे तोंड करून पडली.

कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१ च्या कायद्यात लिहिलंय की डोनर २३ ते ३५ वयाची पाहिजे, आयुष्यात एकदाच द्यायचं, सातच्या वर बीजं काढायची नाहीत आणि मूल हवं असलेल्या जोडप्याने तिचा १२ महिन्यांचा विमा काढायचा. हिच्याकडे विम्याचा कागद नाही, किती बीजं काढली तेही कोणी सांगितलं नाही, सह्या मात्र इंग्रजी फॉर्मवर घेतल्या. बुडालेल्या मजुरीचं तर कायद्यातही नाव नाही. मग काय, पैसे एजंटच्या पाकिटातून गुपचूप येतात, आणि ठरलेले पूर्ण मिळाले नाहीत तर ही तक्रार करणार कुठे, विकलं म्हणून हिलाच धरतील.

लेखात एका तरी डोनरशी बोलायचं होतंत. उलट त्याच अंकात आत अशाच एका सेंटरची 'गोड बातमी' म्हणून पानभर जाहिरात, हप्त्याची सोय वगैरे. ती काही फुकट छापली नसेल ना तुम्ही?

पुढच्या वेळी त्याच डॉक्टरांना विचारा, गेल्या वर्षी किती डोनरच्या हातात विम्याचा कागद दिला. उत्तर छापा.

पत्र छापलंत तर माझं नाव आणि गल्ली घालू नका, तिच्या सासूला यातलं काही माहीत नाही.

एक वाचक, सोलापूर